रेझर घेताना पाती मोजू नका

चांगला रेझर कोणता, असे विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. जितकी पाती जास्त, तितकी दाढी घोटून होणार, असा त्याचा हिशेब असतो आणि त्याला फक्त दुजोरा हवा असतो. माझे मत याच्या बरेच उलट आहे, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो. दाढी तुळतुळीत होणे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: केस किती भिजला आहे, पाते त्वचेला कोणत्या कोनात टेकले आहे आणि त्यावर किती दाब पडतो आहे. वस्तऱ्यानंतर इलेक्ट्रिक शेव्हरपर्यंत जी साधने निघाली, त्यांतल्या प्रत्येकाने यांपैकी एखादी गोष्ट माणसाच्या हातातून काढून स्वतःकडे घेतली आणि त्या बदल्यात काहीतरी वसूलही केले. म्हणून रेझर निवडताना यातले काय आपल्या हाती ठेवायचे आणि काय साधनावर सोपवायचे, हे ठरवावे. पात्यांची संख्या त्यानंतर बघता येईल.

केस भिजण्याचे काम मात्र कोणताही रेझर आपल्याकडून काढून घेत नाही आणि नेमके तेच सर्वांत जास्त टाळले जाते. दाढीचा कोरडा केस कापायला तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतके बळ लागते, असे सांगितले जाते. तोच केस कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे राहिला की पाणी शोषून फुगतो आणि बराच मऊ पडतो. फेसाचे काम त्यानंतरचे: केसातले पाणी उडू न देणे आणि पात्याला सरकायला वाट करून देणे. कोरड्या गालावर फेसाचा गोळा फासून लगेच पाते चालवणारा माणूस पुढे रेझरला नावे ठेवतो, तेव्हा दोष बहुधा त्या दोन मिनिटांचा असतो. केसाची ताकद कमी लेखू नये, कारण अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला हा केसच पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो. धार सावकाश झिजून बोथट होते एवढीच आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती जागोजागी तुटलेली असते आणि गालावर जाणवणारी ओढ त्या तुटक्या जागांची असते.

आता ‘घोटून’ म्हणजे नेमके किती, हेही पाहायला हवे. दाढी दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर वाढते. म्हणजे एका रेझरने केस दुसऱ्यापेक्षा 0.1 मिलिमीटर जास्त खाली कापला, तरी त्याचा फायदा सहा तासांच्या वाढीएवढाच झाला. सकाळी आठला दाढी करणाऱ्याला दुपारी दोननंतर या दोन रेझरांतला फरक बोटांना कळणे कठीण आहे. जाहिरातीतला माणूस मात्र नेहमी दाढी केल्याच्या पुढच्याच क्षणी गालावरून हात फिरवताना दिसतो, तो दुपारी तीन वाजता कधी दिसत नाही.

वस्तऱ्याकडे वळू. यात सगळेच हाती असते: कोन, दाब, दिशा आणि धारसुद्धा. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांवर धरायचे, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, दाढी करण्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर पाते घासायचे आणि अधूनमधून दगडावर धार लावायची. हे सगळे ज्याला साधले, त्याची दाढी कोणत्याही साधनाइतकी गुळगुळीत होते यात वाद नाही. पण वस्तरा म्हणजे सर्वांत तुळतुळीत दाढी, हे विधान मला अर्धवट वाटते, कारण ती कीर्ती खरे तर वस्तरा धरणाऱ्या सरावलेल्या हाताची आहे. शिवाय तो हात दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो, वाटेल त्या बाजूला उभा राहू शकतो आणि कातडी ताणायला त्याचा दुसरा हात मोकळा असतो. आरशासमोर स्वतःच्या डाव्या जबड्याखाली वस्तरा नेताना यातले काहीच राहत नाही. ज्यांना ही कला म्हणून शिकायची आहे, त्यांनी जरूर शिकावी; रोज घाईत आवरून बाहेर पडणाऱ्याला मी तिची शिफारस करणार नाही. एक इशारा मात्र सर्वांसाठी आहे. वस्तरा असो की रेझर, एकाच्या चेहऱ्यावर फिरलेले पाते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फिरता कामा नये, कारण हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही जातात.

माझा कौल आहे तो दुधारी ब्लेडच्या साध्या सेफ्टी रेझरला, आणि तो जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी नाही. या रेझरने माणसाच्या हातातून एकच गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे पाते किती बाहेर डोकावेल हे ठरवण्याची. किंग कॅम्प जिलेट या विक्रेत्याला 1895 मध्ये पातळ, बदलून टाकता येणाऱ्या पात्याची कल्पना सुचली, पण इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार देता येणार नाही असे जाणकारांचे म्हणणे पडले आणि विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवेपर्यंत काही वर्षे गेली. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे 51 रेझर आणि 168 ब्लेड खपले. 1904 मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी खप नव्वद हजार रेझरांच्या घरात गेला. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांना हे रेझर दिले आणि रोज आपली दाढी आपणच करण्याची सवय घेऊन ती माणसे घरी परतली. साधनाची मूळ रचना तेव्हापासून जवळपास तीच आहे. वरच्या टोपीखाली 0.1 मिलिमीटर जाडीचे ब्लेड किंचित वाकवून घट्ट बसवलेले असते आणि धारेच्या पुढे एक आडपट्टी असते, जी कातडीला पात्यात शिरू देत नाही. ही आडपट्टी आणि धार यांच्यामधली फट किती, यावर रेझर सौम्य की आक्रमक हे ठरते. नवख्याने सौम्यच घ्यावा. आक्रमक रेझर म्हणजे जास्त चांगला रेझर, असा एक गैरसमज हौशी मंडळींत बराच पसरलेला आहे.

कोन शोधण्याची रीत सोपी आहे. रेझरची टोपी गालावर सपाट टेकवावी, म्हणजे दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर आलेला दिसेल. मग दांडा हळूहळू खाली आणत रेझर सरकवत राहावे. आधी काहीच होत नाही, टोपी नुसती फेसावरून घसरते. पुढे एका ठिकाणी अचानक केस कापल्याचा बारीक करकर आवाज येऊ लागतो. कोन तोच. दांडा त्याहून खाली नेला की पाते कापायचे सोडून कातडी खरवडू लागते. या आवाजाकडे लक्ष ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या हाताला, म्हणजे रेझरच्या पहिल्या फेरीत, तो स्पष्ट येतो, दुसऱ्या हाताला विरळ होतो आणि तो थांबला की त्या जागी कापण्यासारखे काही उरलेले नसते, तरीही आपण सवयीने हात फिरवतच राहतो. दाब तर द्यायचाच नसतो. धातूच्या रेझरचे स्वतःचे वजन पुरेसे असते आणि हात फक्त त्याला वाट दाखवतो. शिवाय एकाच रेझरमध्ये वेगवेगळ्या ब्लेडांचा अनुभव चकित करण्याइतका वेगळा येतो, कारण प्रत्येकाची धार आणि तिच्यावरचे लेप निराळे असतात. म्हणून एका ब्लेडने आग झाली तर रेझर टाकून न देता आधी ब्लेड बदलून पाहावे.

आता पात्यांच्या संख्येकडे येतो. 1971 मध्ये दोन पात्यांचा रेझर आला, 1998 मध्ये तीन पात्यांचा, 2003 मध्ये चार आणि 2006 मध्ये पाच. यामागचे तत्त्व खोटे नाही. पहिले पाते केस कापता कापता त्याला थोडे वर ओढते आणि तो परत खाली जाण्यापूर्वीच मागचे पाते त्याला आणखी खाली कापते. मग उरलेला खुंट कातडीच्या पातळीच्याही आत जाऊन बसतो. हात फिरवला की गाल काचेसारखा लागतो तो यामुळेच. पण कातडीच्या आत गेलेल्या त्या टोकाला पुन्हा बाहेर यायचे असते. केस सरळ असेल तर तो मुकाट्याने येतो. कुरळा असेल तर वाटेत वळून बाजूच्या कातडीतच घुसतो आणि तिथे लाल, दुखरी पुळी उठते. त्वचारोगतज्ज्ञ याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. अशा माणसाला घोटून दाढी हीच अडचण असते आणि अधिक चांगला रेझर घेऊन ती वाढते. त्याने ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवावेत, हा तज्ज्ञांचा सल्ला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

कार्ट्रिज, म्हणजे दोन ते पाच पाती एकत्र बसवलेले बदलते डोके असलेला हा रेझर; त्याबद्दल माझी दुसरी तक्रार साध्या हिशेबाची आहे. पाच पात्यांचा रेझर एकाच जागेवरून तीनदा फिरवला की तिथली कातडी पंधरा वेळा खरवडली गेली. ज्याची कातडी निबर आहे त्याला याचे काही वाटणार नाही, नाजूक कातडीला मात्र संध्याकाळपर्यंत चुणचुण पुरते. त्यातच पाती इतकी जवळजवळ असतात की दोन दिवसांची दाढी असली तर फेस आणि केस त्यांच्यात दाटून बसतात, नळाखाली धरूनही पुरते निघत नाहीत, आणि मग माणूस अजाणता दाब वाढवतो. हे सगळे खरे असले, तरी कार्ट्रिजचे एक मोठे श्रेय मी नाकारणार नाही: फिरते डोके कोन स्वतः सांभाळते, त्यामुळे झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसालाही सहसा कापत नाही. डोक्याचा गोटा करणाऱ्याला, जिथे हाताला दिसतच नाही तिथे, कार्ट्रिजइतके सोयीचे काही नाही. प्रवासातही तेच बरे, कारण विमानात हातसामानातून सुटी ब्लेड बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. दोन किंवा तीन पात्यांवर थांबावे, एवढेच माझे सांगणे आहे. चौथ्या-पाचव्या पात्याने केसाला काय मिळते याहून कातडीला काय भोगावे लागते ते मला जास्त दिसते. वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या रेझरांना अडीनडीपलीकडे जागा नसावी.

इलेक्ट्रिक शेव्हरला घोटून दाढीच्या चर्चेत लोक हसतात, ते मला पटत नाही. त्याची मर्यादा सरळ आहे: पाते आणि कातडी यांच्यामध्ये जाळी असते, ती 0.1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असली तरी असतेच, त्यामुळे केस सहसा कातडीच्या किंचित वरच कापला जातो. वर मांडलेला हिशेब आठवला तर ही तूट काही तासांच्या वाढीएवढीच आहे, आणि ज्याला पुळ्या येतात त्याला हीच तूट लाभाची ठरते. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांना तर डॉक्टर बहुधा हाच मार्ग सुचवतात. सरळ जाळीचा शेव्हर रोजच्या आखूड खुंटांवर चांगला चालतो. गोल चकत्यांचा शेव्हर वेड्यावाकड्या वाढणाऱ्या दाढीला जरा जास्त समजून घेतो. कातडीला त्याची सवय व्हायला मात्र काही आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत निकाल देऊ नये.

ब्लेड किती दिवस चालवावे, यावर अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला पाच ते सात दाढ्यांचा आहे. माझ्या मते राठ दाढीला तेवढेही जास्त आहेत आणि विरळ दाढीला थोडी सवलत घेता येईल. गाल ओढल्यासारखा वाटू लागला की मुदत संपली. वापर झाल्यावर पाते धुऊन, पाणी झटकून कोरड्या जागी ठेवावे. ओल्या न्हाणीघरात भिजत ठेवू नये.

शेवटी मानेचे, कारण चांगली दाढी बहुतेक वेळा तिथेच बिघडते. गालावर केस वरून खाली वाढतात म्हणून मानेवरही तसेच असतील असे आपण धरून चालतो, पण गळ्याच्या घाटीच्या आसपास ते पुष्कळांच्या बाबतीत आडवे किंवा थेट खालून वर वाढलेले असतात. दाढी दीड-दोन दिवस वाढू द्यावी आणि बोटाचे टोक चारी दिशांनी फिरवून पाहावे. ज्या दिशेला बोट अडत नाही ती वाढीची दिशा. पहिला हात त्या दिशेने मारावा, पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा मारावा, आणि वाढीच्या उलट दिशेचा हात फक्त गालांसाठी राखून ठेवावा. मानेवर दोन हातांनंतर जे किंचित खरखरीत उरते, ते मी तसेच सोडतो.