सात दरवाजे आणि एकही फायटिंग नाही

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन सिनेमाला गेले होते. सुपरहिरोचा होता. नाव सांगत नाही, कारण कुठलंही घातलंत तरी चालेल. शेवटचा पाऊण तास इमारती पडत होत्या, आकाशाला भोक पडलं होतं आणि त्यातून काहीतरी येत होतं. माझा डोळा लागला. भाचा आठवीत आहे, त्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा जग वाचलेलं होतं.

बाहेर पडलो आणि फोर्टातून चालत स्टेशनकडे निघालो. अग्यारीपाशी तो थबकला. दाराशी दगडी बैल. अंग बैलाचं, पाठीवर पंख, तोंड माणसाचं, कुरळी दाढी नीट विंचरलेली.

"मावशी, हा कुठल्या पिक्चरमधला?"

म्हटलं, "याचा पिक्चर अजून निघायचाय."

तेव्हापासून तो पिक्चर माझ्या डोक्यात चालू आहे. तुमच्याही डोक्यात सोडून देते, म्हणजे मी मोकळी.

तो बैल म्हणजे लमासू. मूळचा आजच्या इराकमधला, असिरियन राजांच्या महालाचा दारवान. तिथून इराणी सम्राटांनी उचलला आणि पुढे पारशी मंडळींनी मुंबईत आणला. खोर्साबादच्या लमासूंना पाच पाय आहेत, कारण समोरून तो उभा दिसायला हवा आणि बाजूनं चालताना. व्हीएफएक्सचं बजेट नव्हतं, एक पाय जास्त कोरला, झालं काम.

आता मेसोपोटेमियावर, म्हणजे त्या प्राचीन इराकवर, सुपरहिरोपट काढायचा तर स्टुडिओवाले काय करतील ते मला आत्ताच दिसतंय. पहिला कॉल मार्दुकला. बाबिलोनचा मुख्य देव, पन्नास नावं. त्याची ऑडिशनसुद्धा आहे. देव एक नक्षत्र समोर ठेवतात, हा शब्द उच्चारतो, नक्षत्र नाहीसं होतं. पुन्हा उच्चारतो, परत येतं. पास! मग तो समुद्राच्या आदिमातेला, तिआमतला, मारतो आणि वाळवायच्या मासळीसारखी उभी चिरून अर्ध्या भागाचं आकाश करतो. ही उपमा माझी नाही हं, मूळ काव्यातलीच आहे. कोकणातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. पण पुढे काय? जिंकला, राजा झाला, सगळ्यांनी पन्नास नावं घेतली. मला पुन्हा झोप येणार.

मार्दुक नाही तर निनुर्ता. त्याची गदा बोलते. शारूर तिचं नाव. ती उडत जाऊन शत्रूची खबर काढते आणि परत येऊन मालकाला सल्ला देते. खेळण्यांची दुकानं भरतील. आणि गिल्गामेश तर काय, दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस. (आईबाप दोनच असताना हा अपूर्णांक कसा बसवला, गणिताच्या मास्तरांनी सांगावं.) गिल्गामेशवर माझा जीव आहे. अमर व्हायला निघालेला हा गडी सहा दिवस सात रात्री जागं राहायच्या परीक्षेला बसतो आणि बसल्या बसल्या झोपतो. उठल्यावर 'मी कुठे झोपलो' म्हणू नये म्हणून यजमानाची बायको रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. उठतो तेव्हा पहिली वाळून कडक, मधल्यांवर बुरशी आणि शेवटची अजून निखाऱ्यावर. पण त्याच्याकडे सगळेच जातात. त्याला बाजूला ठेवते.

माझ्या पिक्चरची नायिका इनान्ना. उरुक शहराची देवी, प्रेमाची आणि युद्धाचीही. पुढे हीच इश्तार झाली. तिच्या पाताळात जाण्याचं काव्य सुमेरी, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाच्या प्राचीन भाषेतलं, साधारण ४०० ओळींचं आहे, मातीच्या पाट्यांवर कीलाकार लिपीत लिहिलेलं. बहुतेक पाट्या निप्पूर या तिथल्याच जुन्या शहरात सापडल्या. काही तुकडे इस्तंबूलच्या संग्रहालयात गेले, काही अमेरिकेत फिलाडेल्फियाला, आणि सॅम्युएल नोआ क्रेमर यांच्यासारख्या सुमेरीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं खपून ते जुळवत आणले.

पहिली ओळच काय आहे बघा. इनान्नानं थोरल्या आकाशातून थोरल्या पाताळाकडे कान लावला. सुमेरी भाषेत कान आणि अक्कल यांना शब्द एकच, त्यामुळे भाषांतरात बहुतेक वेळा 'मन लावलं' असं होतं. मी मात्र कानच ठेवणार. आपल्याकडेही शहाण्या माणसाला आपण 'कान दे' असंच सांगतो.

तर ती निघते. निघण्याआधी नटते, आणि सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये असतो तसा हा सूट चढवायचा सीन. डोक्यावर मुकुट, गळ्यात निळ्या लाजवर्दी मण्यांची माळ, छातीवर जोडमणी, हातात सोन्याचं कडं, अंगावर राणीचं वस्त्र. डोळ्यांत काजळ, आणि काजळालाही नाव आहे, 'येऊ दे त्याला'. उरावरच्या अलंकाराचं नाव 'ये रे पुरुषा, ये'. आणि हातात काय, तर जमीन मोजायची काठी आणि दोरी. हे मला फार आवडतं. जिथं सगळी श्रीमंती कालव्यांची आणि शेतांची, तिथं मोजणीची काठी ज्याच्या हातात, सत्ता त्याची. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, आपल्याला हे कळायला काय जड आहे?

पाताळाला सात दरवाजे. दारवानाचं नाव नेती. प्रत्येक दारात तो एकेक वस्तू काढून घेतो. पहिल्या दारात मुकुट. ती विचारते, "हे काय?" उत्तर येतं, गप्प राहा इनान्ना, पाताळाची रीत आहे, तिच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दारात माळ. तोच प्रश्न, तेच उत्तर. सहाव्यात काठी आणि दोरी जाते. सातव्यात वस्त्र.

मी हे सातही सीन अगदी एकसारखे शूट करीन. तोच कॅमेरा, तोच नेती, तोच कंटाळलेला आवाज. फरक एवढाच की प्रत्येक वेळी तिचा "हे काय?" थोडा खाली आलेला. ज्यानं कुठल्याही सरकारी इमारतीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद नेलेत, त्याला पार्श्वसंगीत लागणार नाही. नेहमीच्या पिक्चरमध्ये हिरो तासाभरात शक्ती मिळवत जातो. ही शक्ती देत देत खाली उतरते आणि शेवटच्या दारातून उघडी, वाकलेली आत जाते.

आत तिची थोरली बहीण एरेश्किगल, पाताळाची राणी. आणि आता खरं सांगायचं तर चूक इनान्नाची आहे. भावोजींच्या मयताला आले असं दारात सांगते आणि आत जाऊन बहिणीच्या सिंहासनावर बसते. सात न्यायाधीश तिच्याकडे बघतात. ती मरणाची नजर असते. तिचं मढं होतं आणि ते खुंटीला टांगलं जातं.

इथे मध्यंतर.

वर तिची सखी आणि कारभारीण निन्शुबुर तीन दिवस तीन रात्री वाट बघून, सांगून ठेवल्याप्रमाणे आक्रोश करत, एकेका देवाच्या दारी जाते. एन्लील म्हणतो, तिनंच हाव धरली. चंद्रदेव नन्ना तेच म्हणतो. एरिदू शहराचा देव एन्की तेवढा हलतो. पण तो सैन्य पाठवत नाही. नखातला मळ काढतो आणि त्याचे दोन जीव करतो, कुर्गर्रा आणि गलातुर. (मळ म्हटल्यावर तुम्हाला पार्वती आणि गणपती आठवले ना? मलाही. दोन्हींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण मळातून जीव घडवायचा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजवावं लागत नाही.) इनान्नाच्या देवळात कुर्गर्रा नावाचे सेवेकरी खरोखर असत. धड पुरुष नाहीत आणि बाईही नाहीत, असं त्यांच्याविषयी अनेक अभ्यासक मानतात. आपले जोगते डोळ्यांसमोर येतात.

हे दोघं माशीसारखे दाराच्या फटीतून आत शिरतात. समोर एरेश्किगल पडलेली. अंगावर धड कापड नाही, केस कांद्याच्या पातीसारखे पिंजारलेले, बाळंतिणीसारखी कण्हतेय. "हाय माझं काळीज!" हे दोघं म्हणतात, "हाय बाई तुझं काळीज!" सुमेरी शब्द इथे यकृताचा आहे, असं काही भाषांतरकार मानतात. इंग्रजीत तो फार विचित्र वाटतो. मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच, आणि कळ उठते तीही काळजातच. ओळ जशीच्या तशी बसते.

बस, हा क्लायमॅक्स! तिच्या राज्यात कुणी तिला कधी 'दुखतंय का' विचारलं नसावं. ती चकित होते, तुम्ही कोण म्हणते, नदी देऊ करते, धान्यानं भरलेलं शेत देऊ करते. ते म्हणतात, नको, खुंटीवरचं मढं दे. मिळतं. त्यावर संजीवनीचा पाला आणि पाणी शिंपतात आणि इनान्ना उठते.

भाचा म्हणाला, "म्हणजे फायटिंगच नाही?"

नाही. निर्माता इथेच उठून जाणार हे मला माहीत आहे. तो म्हणेल, त्या दोघांच्या हातात निदान तलवारी तरी द्या, एरेश्किगलला शिंगं द्या. हॉलिवूडनं पझूझूचं काय केलं बघा. राक्षस होता, पण गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना लमाश्तू नावाच्या पिशाच्चीपासून वाचवायला लोक त्याचं तोंड ताईतासारखं वापरत. त्याला सरसकट व्हिलन करून टाकलं. आणखी एक विनंती, पिवळा फिल्टर नको आणि उंटांच्या रांगा नकोत. दक्षिण इराक म्हणजे दलदल, पाणी, म्हशी आणि माणसापेक्षा उंच बोरूची बेटं. इनान्नाचं चिन्हच मुळी बोरूची जुडी बांधून केलेला दाराचा खांब. तिथे आजही बोरूची कमानदार घरं बांधतात, तशीच दिसणारी पाच हजार वर्षांपूर्वीच्या उरुकच्या शिल्पांत कोरलेली आहेत. सेट तिथेच उभा आहे. आणि कलाकार इराकी घ्या, एवढं तरी करा.

असो. गोष्ट संपलेली नाही. पाताळातून फुकट कुणी सुटत नाही, बदली माणूस द्यावा लागतो. इनान्ना वर येते ती 'गल्ला' नावाच्या यमदूतांच्या घोळक्यात. ते खात नाहीत, पीत नाहीत, लाच घेत नाहीत. (शेवटच्या गुणामुळे ते या जगातले नाहीत हे लगेच कळतं.) निन्शुबुर धुळीत लोळत समोर येते. हिला नेऊ? इनान्ना म्हणते, नाही, हिनं माझ्यासाठी रडून घेतलंय. आणखी दोघं तसेच सुटतात. मग ते उरुकजवळच्या कुलाबला पोचतात. हो, कुलाब. फोर्टात उभं राहून हे सांगितल्यावर भाचा जो खिदळला! नुसता योगायोग आहे, पण हसू येतंच. तिथे सफरचंदाच्या झाडाखाली तिचा नवरा दुमुझी, भरजरी कपडे घालून, सिंहासनावर मजेत.

ती त्याच्याकडे बघते. काव्यात इथे शब्द कुठले आहेत? तेच. मरणाची नजर. तिला मारताना न्यायाधीशांनी वापरली होती ती. सात दारांत सगळं देऊन आली आणि वर येताना ही एक शक्ती घेऊन आली. याच्यापुढे कोळी चावून शक्ती आलेला पोरगा म्हणजे बालवाडी. "न्या याला," ती म्हणते.

तुम्ही म्हणाल, ही कसली हिरोईन? मान्य. ती हावरट आहे, सूड घेते, नवऱ्याला देऊन टाकते. मला तिला सुधारायचं नाही. काव्यानंही सुधारलेलं नाही, उलट शेवटच्या ओळीत स्तुती आहे ती एरेश्किगलची. पवित्र एरेश्किगल, तुझी स्तुती गोड आहे. ज्या राणीला आपण दोन तास व्हिलन समजत होतो, पडदा तिच्या नावावर पडतो.

ट्रेनमध्ये भाच्यानं विचारलं, "आणि पोस्ट-क्रेडिट सीन?"

आहे की. दुमुझीला एक बहीण असते, गेश्तिनान्ना. ती भावाचं अर्धं वर्ष स्वतःवर घेते. सहा महिने तो खाली, सहा महिने ती. काव्य एवढंच सांगतं, पुढचं माझं. अंधारा जिना. तो वर येतोय, ती खाली जातेय. मधे कुठंतरी दोघं समोरासमोर येतात. बोलायला वेळ नाही, कारण खालून नेतीनं दार अर्धं उघडून धरलंय. ती जाता जाता डोक्यावरची ओढणी स्वतःच काढते आणि भावाच्या खांद्यावर टाकते. वर थंडी असेल म्हणून.