लाँगयरब्येनला व्हिसा लागत नाही? सिंगल एंट्रीवर निघण्याआधी हे वाचा

"नॉर्वेच्या उत्तरेला एक गाव आहे. तिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही, मरायला कायद्याने बंदी आहे आणि बंदुकीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. क्रूझने जा, रस्त्यावरची पांढरी अस्वलं पाहा, नॉर्दर्न लाइट्स पाहा, जगाची बियाण्यांची तिजोरी आतून पाहून या." अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो. गाव खरं आहे: स्वालबार्ड द्वीपसमूहातलं लाँगयरब्येन, ७८ अंश उत्तरेला, वस्ती सुमारे अडीच हजार. बाकीचं एकेक तपासून घेऊ.

व्हिसाची गोष्ट आधी, कारण ती अर्धी खरी आहे आणि म्हणूनच सर्वांत महागात पडते. १९२० च्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही होता. नॉर्वेची सत्ता असली तरी खुद्द स्वालबार्डमध्ये राहायला व्हिसा लागत नाही, आणि कुठल्याच देशाच्या माणसाला लागत नाही. पण तिथे पोचायचं कसं? नेहमीची विमानं ऑस्लो आणि ट्रॉम्सोहून जातात, क्रूझही बहुधा शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) देशातल्याच बंदरातून सुटते. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर आहे. ऑस्लोत उतरलात की पहिला प्रवेश वापरला गेला. लाँगयरब्येनकडे निघालात की तुम्ही शेंगेन सोडलं, पासपोर्ट तपासणीही होते. परत ऑस्लोला येणं म्हणजे दुसरा प्रवेश. सिंगल एंट्री व्हिसा इथेच संपलेला असतो.

म्हणून अर्जात डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागा आणि सोबतच्या पत्रात दोन्ही प्रवेशांच्या तारखा, विमानाचं किंवा जहाजाचं बुकिंग यांसह स्पष्ट लिहा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. शेंगेनसाठी ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण त्या पॉलिसीत "शेंगेन देश" एवढंच लिहिलेलं असेल तर स्वालबार्ड त्यात बसेलच असं नाही. विमा कंपनीकडून स्वालबार्डचं नाव आणि शोध-बचाव, हवाई रुग्णवाहतूक यांचा समावेश लेखी घ्या. गावातलं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला सुमारे ९५० किलोमीटरवरच्या ट्रॉम्सोला विमानाने न्यावं लागतं, आणि तो खर्च कुटुंबाचं कंबरडं मोडू शकतो.

व्हिसा लागत नाही म्हणून "जाऊन स्थायिक व्हा" असा सल्लाही दिला जातो, तोही अपुरा आहे. घर आणि उत्पन्न स्वतःचं लागतं. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्याला तिथला राज्यपाल, म्हणजे सिसेलमेस्टर, परत पाठवू शकतो.

मरणावर बंदी घालणारा कायदा नाही. लोक तिथेही मरतात. मात्र जमीन कायम गोठलेली असते, फक्त वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत पुन्हा गोठतो. या उलाढालीत पुरलेली वस्तू हळूहळू वर ढकलली जाते. म्हणून शवपेटीतलं दफन तिथे अनेक दशकांपूर्वीच थांबलं. अस्थिकलश परवानगी घेऊन पुरता येतो. डोंगराच्या उतारावरच्या दफनभूमीत पांढरे क्रूस आजही दिसतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेलेले सात तरुण तिथेच आहेत. १९९८ मध्ये विषाणूच्या शोधात त्यांच्या कबरी उघडल्या, तेव्हा शवपेट्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच वरच्या थरात आढळल्या. वृद्धांच्या कायम देखभालीची सोय गावात नाही. गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जातात. कारण सोयींचा अभाव आहे, त्याला बंदी म्हणणं चूक आहे.

बंदुकीबद्दलचा दावा तर उलटा आहे. गावात भरलेली बंदूक बाळगायला मनाई आहे, दुकानांच्या दारावर शस्त्र आत न आणण्याच्या पाट्या असतात. नियम वस्तीबाहेर लागू होतो: अस्वलाला घाबरवून पिटाळण्याचं योग्य साधन जवळ हवं, उदाहरणार्थ फ्लेअर पिस्तूल (झगमगता प्रकाशगोळा उडवणारं). रायफलची शिफारस आहे. क्रूझ प्रवाशाने यातलं काही घेऊन फिरायची गरज नाही. अस्वलाचं चित्र असलेल्या तिकोनी पाटीच्या पुढे एकट्याने जायचं नाही, शस्त्रधारी गाइडसोबतच जायचं. एवढं मात्र काटेकोर पाळा. २०२० च्या ऑगस्टमध्ये विमानतळाजवळच्या कॅम्पिंगच्या जागेत अस्वलाच्या हल्ल्यात एक माणूस गेला होता.

अस्वलं रस्त्यावर हिंडत नाहीत. "माणसांपेक्षा अस्वलं जास्त" असंही सांगतात, पण त्यामागचा सुमारे ३,००० चा आकडा संपूर्ण बॅरेंट्स समुद्र परिसराचा आहे, स्वालबार्डमध्ये कायम राहणारी काही शेच आहेत. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्यापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवणं सक्तीचं आहे. अस्वल दिसलं की जहाज जवळ नेऊ असं सांगणारी जाहिरात कायदा मोडण्याचं आश्वासन देते. दुर्बीण घेऊन जा. त्याच दिवसापासून संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही. म्हणजे मोठ्या जहाजाचा थांबा मुख्यतः लाँगयरब्येनपुरताच राहतो. बुकिंगआधी जहाजाची प्रवासी संख्या विचारा.

नॉर्दर्न लाइट्सचं एका वाक्यात: साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही, त्यामुळे जून-जुलैच्या क्रूझवर ते दिसणं अशक्य.

बियाण्यांची तिजोरी, म्हणजे जगभरच्या पिकांची बियाणी जपून ठेवण्याचं कोठार, २००८ मध्ये उघडली, ती पर्यटकांसाठी नाही. बाहेरचं काँक्रीटचं प्रवेशद्वार तेवढं पाहता येतं. ते विमानतळाच्या वरच्या अंगाला आहे, टॅक्सीने जाऊन यावं. आपल्या हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनेही तिथे बियाणं ठेवलं आहे. गोव्यातली वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था चालवते ते भारताचं "हिमाद्री" संशोधन केंद्र मात्र लाँगयरब्येनला नाही, स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड या दुसऱ्या वस्तीत आहे. तिथे जहाज थांबलं तर फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा, त्या लहरींनी तिथल्या रेडिओ दुर्बिणीची मोजमापं बिघडतात.

मांजर पाळायला बंदी असल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अशा मजकुरात कधी कधी येतं, ते खरं आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी आणि रेबीजच्या धोक्यामुळे.

जहाज धक्क्याला लागणार की खाडीत नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवणार, हे आधी विचारा. बोटींनी असेल तर रांगेतच बराच वेळ जातो, आणि वारा वाढला तर उतरणंच रद्द होतं. जुलैतही सरासरी तापमान ७ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा वारा अडवणारं जाकीट आणि टोपी हवीच. काही ठिकाणी आत जाताना बूट काढून ठेवायची पद्धत आहे, जाड मोजे घाला. आणि १९४६ पूर्वीची कुठलीही मानवी वस्तू, जुना खिळासुद्धा, कायद्याने संरक्षित आहे. खिशात घालू नका.