हस्तर कोकणातला नव्हे

२०२४च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा थेटरात लागला आणि तेव्हापासून एक मजकूर फॉरवर्ड होत फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा सिनेमा श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवर बेतलाय, रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुंबाड गावी तो शापित वाडा अजून उभा आहे, आणि सिनेमातला हस्तर हा आपल्या पुराणांतून पुसून टाकलेला देव आहे, कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा.

पेंडशांचं आधी उरकू. कादंबरीतून सिनेमाने घेतलं ते नाव. दोन खंडांत खोत घराण्याच्या चार पिढ्या आहेत, जगबुडी नदी आहे, हस्तर कुठेच नाही. ज्याने हे लिहिलं त्याने पुस्तकाची पाठही पाहिली नसावी.

वाड्याचं तर त्याहून सोपं. तुंबाड गाव खरं आहे, खेड तालुक्यात. पण पडद्यावरचा वाडा सासवडचा, घाटावरचा. आणि तो न थांबणारा पाऊस गावाला लागलेला शाप नव्हे. पडद्यावर तो तसा दिसावा म्हणून सिनेमा करणाऱ्या मंडळींनी किती पावसाळे खर्ची घातले, ते वाचलं तर शापापेक्षा जास्त धडकी भरते.

आता हस्तर. इथे मात्र जरा थांबायला हवं, कारण खरी हकीकत त्या मजकुरापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी स्वतःच सांगितलंय की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना मराठी भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि सिनेमाचं बी तिथे पडलं. ती गोष्ट 'आजी'. आणि 'आजी' बेतलीय अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या १९८४च्या कथेवर. त्या कथेत अकरा वर्षांचा जॉर्ज घरी एकटा आहे. भावाचा पाय मोडलाय म्हणून आई इस्पितळात गेलीय आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, आंधळी, अगडबंब आजी आहे. पुढे फोनवरून मावशी त्याला सांगते, आजीला हस्तुरच्या नावाने पडून राहायला सांग.

आता सिनेमाचा पहिला भाग आठवा. भाऊ पडून जबर जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते, छोटा विनायक आणि साखळदंडातली आजी मागे उरतात. तिला निजवायचं कशाने? हस्तरचं नाव घेऊन. एवढा पुरावा पुरे.

किंगनेही ते नाव स्वतः घडवलेलं नाही. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१च्या एका कथेत हस्तुर हा मेंढपाळांचा देव आहे, चांगला निरुपद्रवी. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं, मग लव्हक्राफ्टने एका कथेत नुसतं घेतलं, आणि ऑगस्ट डर्लेथने त्याला पक्का दुष्ट देव करून टाकला. म्हणजे हा देव आपल्याकडे पुराणातून नाही, पुस्तकांतून आला, आणि 'हस्तुर'चा 'हस्तर' झाला. तो इतका आपला वाटला की लोक त्याला पुराणात शोधू लागले, हे धारपांचंच कसब.

एवढं वाचून कुणीतरी 'म्हणजे चोरीच की' म्हणणार. मला ते पटत नाही. धारपांनी परक्या कथांना मराठी घर दिलं, हे त्यांचे वाचक जाणूनच वाचत आले. किंगच्या 'इट'वरून 'शपथ' झाली, तीही आपण आवडीने वाचली. आणि सिनेमाचा खरा ऐवज ना किंगचा ना धारपांचा. हस्तरच्या लंगोटातून सांडणाऱ्या मोहरा, त्याला भुलवायला नेलेली कणकेची बाहुली, १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत बापाकडून मुलाकडे उतरणारी हाव, हे सगळं बर्वे आणि त्यांच्या सोबत्यांचं. 'ग्रॅमा'वर अमेरिकेत २०१४ साली 'मर्सी' नावाचा सिनेमाही निघाला. मूळ कथेशी त्याचं नातं जास्त जवळचं, तरी तो आज कुणाला आठवतो?

राहता राहिली कोकणातली जुनी माणसं. 'आमच्या आजोबांनी लहानपणी हस्तरची गोष्ट सांगितली होती' असं कुणी छातीठोक सांगितलं, तर एवढंच विचारा: आजोबा वाचनालयातून धारप आणायचे का?