जास्वंद हलवण्याच्या कामावरच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देताना तुम्ही लिहिलंय की एका कामाचे दोन फेऱ्यांचे पैसे घेतले, कळ्यांनी भरलेली जास्वंद निम्मी छाटली, कोपऱ्यात नेल्यावर आठवड्यात तिची पानं गळाली आणि "रोज बादलीभर पाणी घालूनही" काही फुटलं नाही, वर मागूनही खत दिलं नाही. तिच्या जागी लावलेल्या सोनचाफ्यापायी जुनं झाड गेलं, असं तुमचं म्हणणं.

झाड गेलंय का, ते आधी बघा. बुंध्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर नखाने साल खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी लागलं तर मातीलगत खरवडा; तिथेही कोरडं निघालं तरच आशा सोडा. शेंडे वाळले असतील तर हिरवं लागेपर्यंत कापत खाली या.

आता दोन फेऱ्यांचं. तुमच्या जास्वंदीचा बुंधा दोन इंच जाड. अशा झाडाला किमान वीस इंच रुंद मातीचा गड्डा घ्यावा लागतो आणि त्याचं वजन शंभर किलोच्या आसपास जातं. पण पाणी ओढणारी पांढरी मुळी बहुतेक त्या गड्ड्याच्या बाहेर असते. म्हणून पहिल्या फेरीत बुंध्यापासून नऊ इंचांवर गोल चर मारून मुळं कापली आणि चरात शेणखत, वाळू, माती भरली. पाच-सहा आठवड्यांत कापलेल्या टोकांना नवी पांढरी मुळी सुटते आणि ती गड्ड्याच्या आतच राहते. दुसऱ्या फेरीत गड्डा गोणपाटात सुतळीने आवळून हलवला. तोही वाफशावर, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशी असताना, कारण काळी माती कोरडी असेल तर गड्ड्याला भेगा जातात आणि चिखल असेल तर तो हातात सुटतो. एका दिवसात उपटून नेणारे स्वस्त पडतात, पण त्यात नवी मुळी सुटायला वेळच मिळत नाही.

एवढं करूनही निम्म्याहून जास्त मुळं तुटतात. पानं मात्र पूर्वीइतकंच पाणी मागतात. ती मागणी कमी करायला छाटणी, आणि छाटून उरलेली मागणी झाड स्वतःच पानगळीने कमी करतं. द्राक्षाच्या एप्रिल छाटणीनंतर बाग कशी उघडी दिसते, हे सांगलीत कुणाला नव्याने सांगायला नको. कळ्या ठेवल्या असत्या तर झाडाने होती ती ताकद फुलांत घालवली असती.

खरी काळजी आहे ती रोजच्या बादलीची. पानं नसलेलं झाड पाणी फार कमी ओढतं. आपली काळी माती ते धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि कापलेली टोकं कुजायला लागतात. वरून बघणाऱ्याला झाड तहानलेलं वाटतं, म्हणून आणखी पाणी घातलं जातं. बोट तीन इंच आत घाला. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नको. बोअरचं पाणी खारट असेल तर टाकीतलं नळाचं वापरा. बुंध्याला माती चढवली असेल तर ती काढा, पूर्वी जिथवर माती होती तिथवरच असू द्या.

खताचंही तसंच. युरिया किंवा डीएपी कापलेल्या मुळांजवळ पडलं की त्यातल्या क्षारांमुळे मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. नवी पानं तळहाताएवढी झाली की दोन मुठी गांडूळखत द्या, त्याआधी काही नाही. कोवळ्या फुटीवर पांढरा पिठ्या ढेकूण येतो. लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा.

सोनचाफा उंचवट्यावर का लावला, हेही विचारलंत. जास्वंदीच्या खड्ड्यात पाणी साचत होतं आणि चाफ्याला ते अजिबात सोसत नाही. जुनी जाड मुळं वेचून सहा-सात इंचांचा उंचवटा केला, तो सपाट करू नका. कलमाचा सांधा मातीत गाडला जाऊ देऊ नका आणि सांध्याखालून आलेला फुटवा लगेच खुडा.

जुन्या झाडाची हमी आम्ही कुणालाच देत नाही. तुम्ही सही केलेल्या अंदाजपत्रकात ते लिहिलेलं आहे. सोनचाफ्याचं कलम दिवाळीआधी गेलं तर बदलून देऊ. खरवडलेल्या सालीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. हिरवं असेल तर पाणी आठवडाभर बंद ठेवून मग पुन्हा बोट घालून बघा.