मोजता मोजता

उरणजवळची पाणजेची पाणथळ पक्ष्यांसाठी राखायची की विकासाला द्यायची, यावरून घरच्या ग्रुपवर परत वाजलं. दादा, माझा चुलतभाऊ, उरणला असतो. त्याने लिहिलं, "रिकामटेकड्यांनी दुर्बिणी लावून पक्षी मोजायचे आणि आमच्या पोरांच्या नोकऱ्या अडवायच्या." खाली धडाधड अंगठे.

मी ते वाचलं इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या एका कुरणाच्या कडेला, पहाटे साडेपाचला, गळ्यात दुर्बीण अडकवून. म्हणजे रिकामटेकडा मीच.

आम्ही इथे कर्ल्यू मोजतो. तपकिरी, उंच पायांचा, लांब चोच खाली वाकलेली. प्रत्येकाला दोन बाय दोन किलोमीटरचा चौकोन, एप्रिल ते जून तीन फेऱ्या. दिसला एवढं लिहून भागत नाही. तो काय करत होता, कसा ओरडत होता, तेही लिहायचं. कारण हा पक्षी दीर्घायुषी. तिशी गाठलेलेही सापडलेत. दर वसंतात जुनीच जोडी जुन्याच कुरणात येते, शीळ घुमते, आणि सगळे म्हणतात, आहेत की भरपूर! पिल्लं मात्र जगत नाहीत. अंडी उघड्यावर, जमिनीवर. कोल्ह्याने सोडली तर सायलेजच्या, म्हणजे गुरांसाठी मुरवायच्या हिरव्या चाऱ्याच्या, कापणीत जातात. जूनमध्ये आईबाप धोक्याची हाक देत नसतील तर समजायचं, यंदाही काही नाही. हे मोजल्याशिवाय कसं कळणार, दादा?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही की इथला शेतकरी आमची नोंद पाहून घरट्याभोवतीचं गवत राखतो, आणि घरटं कुठे आहे ते आम्ही बाहेर कुणाला सांगत नाही. आपल्याकडे फोटोसाठी पक्ष्याच्या उरावर बसतात. (बसतात की नाही, मी गेल्या नऊ वर्षांत पाहिलेलं नाही.)

दादाने तासाभरात शोधून उत्तर दिलं. ब्रिटनमध्ये 1995 पासून कर्ल्यू जवळजवळ निम्मे झाले, 2015 पासून तिथल्या सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहेत. "मोजता मोजता निम्मे संपवले की रे तुम्ही. आणि तुमच्या शेतकऱ्याला गवत राखायचे सरकार पैसे देतं. आमच्या खाजणाचं काय?"

याला उत्तर होतं, पण ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याचं आंदोलन पेटलं, जानेवारी 1984 मध्ये उरणजवळ जासई-नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळाले. आजोबांच्या मिठागराच्या बदल्यात आलेला प्लॉट विकला, त्यातून माझी इथली फी भरली. दादाचाही वाटा त्यात होता. तो कधी बोलला नाही.

त्याच मिठागराच्या चिखलात हिवाळ्यात कर्ल्यू उतरायचे. ते इथले नव्हेत, मध्य आशिया-सायबेरियाकडचे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पहाटे शीळ आली की क्षणभर बांधावर आजोबा उभे दिसतात. त्यांच्याकडे या पक्ष्याला नाव असणार. मी विचारलं नाही. इथल्या फॉर्मवर मात्र त्याचं लॅटिन नाव न बघता लिहितो.

जानेवारीत येतोय म्हणून दादाला कळवलं. म्हणाला, "ये. ओहोटीला नेतो तुला पाणजेला. पण वही आणायची नाही."