झाली का?

"ताई, लाजू नका. रात्री झोपताना कोमट पाण्यातून दोन चमचे घ्या, सकाळी मोकळं."

काल संध्याकाळी डोंबिवलीत, फडके रोडमागच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये, माझ्या मागे उभ्या असलेल्या काकांनी मला हा सल्ला दिला. हळू आवाजात दिला, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याला जाणार नाही इतपत. वर हातातला इसबगोलाचा डबाही पुढे केला. बद्धकोष्ठ मला झालंय अशी तिथल्या समस्त गिऱ्हाइकांची खात्री पटलेली होती, आणि ते आठवलं की आत्ताही माझे कान तापतात.

घोळ झाला तो आईच्या फोनमुळे. आई साताऱ्याहून बोलते ती मधे फोन नसला तरी चालेल अशा आवाजात. मी बिचारी लेकीचे व्हिटॅमिन डीचे थेंब घ्यायला उभी, आणि फोन वाजला.

"झाली का गं?"

"नाही अजून."

"अगंबाई! किती दिवस झाले?"

"आठवडा होत आला."

"कळ तरी येते का?"

"येते ना. तोंड लालबुंद होईपर्यंत कुंथणं चालतं, पण होत काहीच नाही."

"आणि वारा सरतो?"

"भरपूर. रात्री आवाजाने हा दचकून उठतो."

"मग आता ऐक माझं, विड्याच्या पानाचा देठ घे, त्याला तेल लाव आणि..."

इथे मी फोन कापला. पण काउंटरवरचा पोरगा गोळ्यांची पट्टी अर्धी कापून, कात्री तशीच उघडी धरून माझ्याकडे बघत होता. मग खांद्याशी वर्तमानपत्राची सुरळी टोचली आणि काका प्रकट झाले.

"अहो काका, मला नाही, माझ्या मुलीला."

"बरं बरं," काका म्हणाले. 'माझ्या एका मित्राला विचारायचंय' असं सांगणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "केवढी आहे मुलगी?"

"अडीच महिन्यांची."

काकांनी डबा खाली घेतला. "अडीच महिन्यांची. आणि आठवडा?"

"हो."

"रडते?"

"कुंथताना तेवढी. एरवी मजेत आहे. हसते, खेळते."

"खेळते!" काका मागच्या बाईंकडे वळले. "ऐकलंत? आठवडा झालाय आणि खेळते!"

त्यांच्या चेहऱ्यावर कीव असेल अशी माझी अपेक्षा होती. होता तो निव्वळ हेवा. आपली सगळी हयात ज्या विद्येत गेली त्या विद्येत काल जन्मलेलं पोर पुढे निघून गेल्यावर बुजुर्गांना वाटतो तसा.

"मला विचारा," काका म्हणाले. कुणीही विचारलं नव्हतं. "तिसऱ्या दिवशी घरातलं माणूस समोर आलेलं नको होतं. बायको बिचारी बहिणीकडे जायची. आणि ही हसते! पस्तीस वर्षं रेल्वेत काढली मी. डोंबिवलीकराच्या पोटाचं वाटोळं कशानं झालं माहितेय? पहाटेच्या लोकलनं. पोट म्हणतं थांब, इंडिकेटर म्हणतो पळ. माणूस पळतो. एकदा पळालात, दोनदा पळालात, की तेही म्हणतं, जा मग, आता मी पण येत नाही. रुसतं ते. आता रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, सकाळचा सगळा वेळ माझा आहे, पेपर घेऊन बसतो, पण रुसवा काही जात नाही."

रांगेतले दोन पुरुष गंभीरपणे माना हलवत होते. मधल्या मधे माझे थेंब राहिले होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" काकांनी तपास पुढे चालू केला.

वास्तविक "तुम्हाला काय करायचंय" हे उत्तर होतं. पण बाळंतपणापासून मला प्रश्न आला की खुलासा द्यायची सवयच लागली आहे. मी सांगितलं की बाळ फक्त अंगावर पितं, आणि आईचं दूध बाळाच्या पोटात जवळजवळ सगळंच जिरतं. साधारण सहा आठवड्यांनंतर काही बाळं दिवसाला चार-पाच वेळा करतात, काही आठवडाभर करत नाहीत. झाल्यावर शी मऊ असली, वजन वाढत असलं, शू भरपूर होत असली की काळजी नाही.

"म्हणजे उरतच नाही काही?"

"फारसं नाही."

"वा! शंभर टक्के वसुली!" काका क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "हे दूध मोठ्या माणसांना..."

दुकानात शांतता पसरली. कात्री पुन्हा थांबली.

"म्हणजे आपलं शास्त्रीय दृष्टीनं विचारलं," काका म्हणाले, आणि पेपर उघडून त्यात तोंड घालून बसले.

एवढ्यावर सुटले असते, पण काउंटरवरच्या पोराला आता विषय कळला होता. "मॅडम, मग ग्लिसरीनची कांडी देऊ? छोटी पण येते. नाहीतर ग्राइप वॉटर?"

या ग्राइप वॉटरवर मी एका रात्री बरीच वाचावाची केली आहे, मांडीवर पोर झोपलेलं आणि उठायची सोय नाही अशा रात्री माणूस काहीही वाचतं. विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रजानं १८५१ साली नॉटिंगहॅमला ते काढलं. मूळ कृतीत शेपाचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि दारू. होय, दारू. आमच्या सासूबाई सांगतात, "आमच्या वेळची बाळं कशी, दोन चमचे दिले की गाढ झोपायची." त्यांच्या वेळच्या बाटलीत काय होतं ते मला ठाऊक नाही, पण मूळ कृतीवर तर मीही गाढ झोपले असते. आत्ताही चालेल.

तेवढ्यात मागच्या बाई म्हणाल्या, "मध चाटवा थोडा. घरचाच, शुद्ध." आता मात्र माझा तोल गेला. मधात बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-आमच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. मध शुद्ध असून काही उपयोग नाही. आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा काय असतं? बद्धकोष्ठ! हे सगळं मी एका दमात, बऱ्यापैकी चढ्या आवाजात बोलले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दिला. आमचा मुलगा आता कॅनडात आहे." यावर काय बोलणार? कॅनडापुढे जीवशास्त्राचं काही चालत नाही.

घरीही निराळं काही नाही. सासूबाईंकडे गुटीची लाकडी पेटी आहे, तिच्यात बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड. सहाणेवर कशाचे किती वेढे उगाळायचे हे त्यांना पाठ, आणि पोट साफ होत नसेल तर हिरड्याचे वेढे वाढवायचे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सहा महिने अंगावरचं दूध आणि औषध सोडून दुसरं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, पाणीसुद्धा नाही. पेटीचं झाकण बंद झालं, पण ते झाकण असं बंद झालं की खालच्या मजल्यावर कळावं. मग तह झाला. पोटात काही नाही, पण बाहेरून हिंग लावायचा. त्यामुळे सध्या आमच्या कन्येच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप असतो आणि तिला कडेवर घेतलं की कुणीतरी आमटीला फोडणी दिल्यासारखं वाटतं. आईचा देठ सासूबाईंना मान्य नाही ("बाळाला असलं काही करतात का?"), सासूबाईंचा हिंग आईला मान्य नाही ("उष्ण पडेल"), आणि दोघी एकमेकींना थेट काही बोलत नाहीत. बोलतात माझ्यामार्फत.

डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी देठ, कांडी, साबण सगळ्यालाच नको म्हटलं. पोराला एकदा बाहेरून टोचणीची सवय लागली की ते टोचणीची वाट बघत बसतं म्हणे. तिचं ते लालबुंद होणं, दहा-दहा मिनिटं रडत कुंथणं, आणि शेवटी निघाली तर मऊच निघणं, हे म्हणजे बद्धकोष्ठच नाही. पोटाला जोर द्यायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, ही दोन कामं एकत्र करणं तिला अजून जमत नाही. ती जोरही लावते आणि दारही आवळून धरते. शिकेल हळूहळू. (आमच्या सोसायटीची कमिटी अजून शिकलेली नाही.) जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांच्या आत झाली होती ना, हेही त्यांनी विचारून घेतलं. ती उशिरा झाली असेल तर आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशीच नसण्याचा एक आजार असू शकतो. हिर्शस्प्रुंग नावाच्या डॅनिश डॉक्टरनं १८८६ साली त्याचं वर्णन केलं. पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, पिणं सुटलं, तर दिवस न मोजता ताबडतोब घेऊन या, म्हणाले. वरच्या दुधावरच्या बाळांचा हिशेब वेगळा, त्यांनी आठवडा काढायचा नाही.

इतकं सगळं नीट समजावून दिलेलं मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग सासूबाई म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण तू काय खाल्लंस?"

आता इथे मला हसू येत नाही. त्या पोरीचा जन्म झाल्यापासून माझं ताट ही सार्वजनिक मालमत्ता झाली आहे. तिला गॅस झाला, तू काय खाल्लंस? ती जास्त झोपली, तू काय खाल्लंस? बटाटा वातूळ, हरभऱ्याची डाळ वातूळ, गवार तर नावच काढू नको. वांगं खाऊन तर मला युग लोटलं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की सगळं खा, तरी परवा मालिशवाल्या मावशींनी माझ्या बशीतला बटाटेवडा बघून "असं होय" म्हटलं, आणि शेजारच्या काकूंना त्याच संध्याकाळी सगळं कळलेलं होतं. या काळात पोरीच्या बापानं काय खाल्लं हे एका माणसानं विचारलेलं नाही. तो ऑफिसातून येताना पावभाजी खाऊन येतो. मग एक डायपर बदलतो, आणि सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगतात, "किती करतो गं तो पोरीचं!" मी दिवसभरात किती बदलते याची नोंद कुठेही नाही.

असो.

मेडिकलमधून सुटताना काकांनी पेपरातून डोकं वर काढलं. "झाली की कळवा हं," म्हणाले. कुठे कळवू, हे त्यांनी सांगितलं नाही. पण मनापासून म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या दुकानात माझ्या लेकीला रोगी न समजता गुणी समजणारे ते एकटेच.

तर, काका, आज सकाळी झाली.

सासूबाईंच्या मांडीवर, त्यांच्या नव्या इरकलीवर. आठवडाभराची थकबाकी एकदम. डायपर नावाची वस्तू तिथे होती एवढंच, माल पाठीमागून वर चढत मानेपर्यंत गेला, झबलं कात्रीनं कापून काढावं की काय इथपर्यंत चर्चा झाली. रंग मोहरीचा, मऊ, डॉक्टरांनी सांगितला तस्साच. आणि कन्या? मांडीवर उताणी पडून, हातपाय झाडत, पंख्याकडे बघून हसत होती.

पाचव्या मिनिटाला श्रेयाचं वाटप सुरू झालं. सासूबाईंच्या मते हिंग. आईच्या मते तिनं काल रात्री बोललेला नारळ. मावशी म्हणाल्या, मी परवा पाय दुमडून पोटावर दाबले होते, त्याचा गुण. नवरा म्हणाला, "मी काल तिला उभं धरलं होतं ना बराच वेळ." जिनं केली तिचं नाव कुणी घेतलं नाही, माझं तर नाहीच.

मी साडी भिजवून, पोरीला धुऊन, स्वतःला धुऊन बाहेर आले तोवर नवऱ्यानं डायपरचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता. शुभ सकाळच्या गुलाबाच्या बरोब्बर खाली. चुलतसासऱ्यांचे जोडलेले हात आले. न्यू जर्सीच्या नणंदेनं टाळ्या पाठवल्या. दोघातिघांनी अभिनंदन म्हटलं, नवऱ्याला. मग नाशिकच्या मावससासूबाई बराच वेळ काहीतरी लिहीत असल्याचं दिसत राहिलं, आणि अखेर त्यांचा निरोप आला.

"मोठा करून बघितला. कडेला जरा हिरवट वाटते. सूनबाईनं काय खाल्लं होतं?"