पुढाकार घ्या, पण विचारून घ्या

मॅन्युव्हर वॉरफेअरवर, म्हणजे हालचालीच्या युद्धावर, बोलायचं ठरवलंत ना, मग आधी जागा नीट निवडा. दिल्लीत तोंड उघडलंत तर समोर एखादा खराखुरा जनरल निघायचा. त्यापेक्षा वैजापूरची एखादी टपरी बरी. पालखेड याच तालुक्यात, त्यामुळे विषयाची मालकी आपसूक आपल्याकडे येते. सातबारा कोणी मागत नाही.

सुरुवात पालखेडनंच करा. निजाम पुण्यात जाऊन बसला, पण बाजीराव पुणं सोडवायला फिरकलेच नाहीत. जालन्याकडचा निजामाचा मुलूख तुडवून ते खानदेश-गुजरातेकडे निघून गेले. शेवटी निजामालाच पुणं सोडून त्यांच्या मागं धावावं लागलं. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्याची फौज कोंडली गेली, पाणी तुटलं आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. एवढं सगळं मात्र तुम्ही सांगत बसू नका. "मॉन्टगोमेरीनंसुद्धा मानलं, राव!" इतकं म्हणून (मॉन्टगोमेरी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनापती) चहाचा घोट घ्या. आणि घोडे सांगा, पाणी सांगू नका. घोडा म्हटलं की ऐकणाऱ्याची छाती फुगते. पाणी म्हटलं की बाकड्यावरचा टँकरवाला बोलायला लागतो, आणि त्याला हा विषय तुमच्याहून जास्त कळतो. मे महिन्यात कोणत्या वस्तीवर आधी खेप टाकायची हे ज्याच्या हातात असतं, त्याच्यापुढं भलेभले कसे मऊ येतात ते त्यानं रोज बघितलेलं असतं.

जालना जिल्ह्यातल्या असईचं नाव शक्यतो काढू नका. तिथं आपण हरलो. कोणी काढलंच तर "फितुरी!" म्हणून मोकळे व्हा. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. मधून येणं-जाणं असल्याशिवाय गावं अशी बसतील कशी, असा त्यानं हिशेब केला, आणि उतार सापडला. आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीनं हेच सांगितलं असतं: दोन गावांत सोयरीक आहे म्हणजे वरात कुठून तरी जातच असेल की! शिंद्यांच्या कवायती पायदळानंही तोंड फिरवून नवी फळी धरली होती आणि इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. पण हे सांगितलं की फितुरीचा मुद्दा ढिला पडतो, म्हणून तेही गाळा.

चर्चेत अधूनमधून जॉन बॉइड आणा. हा अमेरिकेचा लढाऊ वैमानिक. बघा, उमगा, ठरवा, करा, आणि हे चक्र शत्रूपेक्षा लवकर फिरवा, असं त्याचं म्हणणं. फ्लेक्सवर गोल काढून चार बाण दाखवले की काम झालं. गोल आपल्याकडेही आहेच: बघा, कळवा, वाट बघा, पुन्हा कळवा.

आता प्रशिक्षण. ते सोपं आहे, कारण पोरं आधीच तयार असतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे जा, अंधारात पोरं सैन्यभरतीसाठी १६०० मीटर मारताना दिसतील. साडेपाच मिनिटांत आलं की ६० गुण. चारशेच्या मैदानावर चार फेऱ्या मारायच्या आणि निघालो तिथंच परत यायचं. हालचालीच्या युद्धाची याहून चांगली तयारी कोणती?

या युद्धाचा गाभा असा, की हाताखालच्याला काय साधायचं ते सांगावं, कसं ते त्याच्यावर सोडावं. अमेरिकन मरीन कोअरनं १९८९ मध्ये हे आपल्या पुस्तिकेत छापलं. तुम्हीही छापा. लॅमिनेट करून भिंतीवर लावा. खाली बारीक अक्षरात 'पुढाकार घेण्यापूर्वी ग्रुपवर परवानगी घ्यावी' एवढं टाका.

सरावात शत्रू कोणाला करायचं, इथं मात्र घाई नको. अमेरिकेनं २००२ मध्ये २५ कोटी डॉलर खर्चून मोठा युद्धसराव केला आणि शत्रूची बाजू पॉल व्हॅन रायपर या निवृत्त मरीन लेफ्टनंट जनरलकडे दिली. या गृहस्थानं रेडिओ बंद ठेवला, मोटारसायकलवरून निरोप धाडले आणि क्षेपणास्त्रं व लहान होड्या एकदम सोडून कागदावर १६ जहाजं बुडवली. आयोजकांनी काय करावं? जहाजं पुन्हा तरंगवली. शत्रूनं कसं वागायचं हेही ठरवून दिलं, तेव्हा व्हॅन रायपर बाजूला झाले. एवढ्या मोठ्या देशाला जे सुचलं, ते आपण का सोडावं?

आम्ही नाही सोडलं. भोकरदनकडच्या एका माळावर भरतीच्या पोरांचा सराव होता. मी आपला बघ्या. शत्रूच्या तुकडीनं नऊ वाजता डांबरी रस्त्यानं यायचं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं ठरलेलं. सव्वासातला सात पोरं मागच्या नाल्यातून वर आली. तंबूत जाऊन बसली आणि पाहुण्यांसाठी आणलेला चहा पिऊन मोकळी झाली. नऊला पाहुणे आले तेव्हा किटली रिकामी आणि मुख्यालय शत्रूच्या ताब्यात.

"कोणाला विचारून आलात रे?" सर ओरडले.

"कोणालाच नाही, सर. शत्रू होतो ना आम्ही."

"आन् नाल्याची वाट कोणी सांगितली?"

एक काटकुळं पोरगं पुढं आलं. "शेळ्या तिथूनच जातेत की, सर."

त्याला दहा फेऱ्या मिळाल्या. बाकीच्यांना पाच. मग सगळ्यांना परत पाठवून, रस्त्यानं, नऊ पस्तीसला, फोटोसाठी पुन्हा हल्ला करायला लावला आणि तो यशस्वीरीत्या परतवला.

पुढच्या खेपेची तयारी चोख आहे. नाल्याच्या कडेनं चुन्याची रेघ मारलीय, 'मैदान इथे संपते' असा बोर्डही रोवलाय. परवा गेलो तर त्या बोर्डाला एक शेळी अंग घाशीत होती, बाकीच्या नाल्यात उतरल्या होत्या.